हिरवे दोन, लाल एक

मी जनुकीय समुपदेशक आहे. माझ्याकडे येतात त्या बहुतेक गरोदर बायका, नाहीतर लहान मुलांना घेऊन आलेले आईवडील. मानसोपचार वॉर्डातून बोलावणं क्वचितच येतं. त्या सकाळी तिथल्या रेसिडेंट डॉक्टरचा फोन आला.

"मॅडम, एक पेशंट बघाल का? चोविशीचा मुलगा आहे. कॅल्शियम सहाच्या खाली गेलंय. छातीवर मधोमध ऑपरेशनची जुनी खूण आहे. आणि बोलतो नाकातून."

"तुमच्याकडे कशासाठी दाखल झालाय?"

"आवाज ऐकू येतात म्हणून. कुणीतरी सतत पाळत ठेवतंय म्हणतो."

एवढं ऐकल्यावर आमच्या कामातल्या माणसाच्या मनात एकच आकडा येतो, बावीस, म्हणजे २२वं गुणसूत्र. हातातलं काम ठेवून मी निघाले.

(त्याला निखिल म्हणू या. ओळख लागू नये म्हणून नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत.)

यातलं श्रेय त्या रेसिडेंटचं, म्हणून तिने काय पाहिलं ते आधी सांगते. निखिलच्या केसपेपरवर रात्री कुणीतरी 'हातांचे विचित्र आविर्भाव' असं लिहून ठेवलं होतं. स्किझोफ्रेनियात माणूस कधी कधी हात किंवा मान अवघडलेल्या स्थितीत धरून ठेवतो, त्यामुळे लिहिणाऱ्याला त्यात काही वावगं वाटलं नसणार. सकाळी सिस्टर बीपी घेत होत्या. पट्टा फुगला तसा निखिलचा हात आखडायला लागला. मनगट आत वळलं, बोटं सरळ राहून एकमेकांना चिकटली, अंगठा तळव्याकडे ओढला गेला. पट्टा सोडल्यावर हात सैल झाला. रेसिडेंट शेजारच्याच खाटेपाशी होती. तिने येऊन पट्टा पुन्हा फुगवला आणि तीन मिनिटं तसाच ठेवला. हात पुन्हा तसाच वळला.

"मी मुद्दाम नाही करत," निखिल म्हणाला. "होतं मला असं."

रक्तातलं कॅल्शियम कमी झालं की नसा चटकन चाळवतात आणि हाताचा रक्तप्रवाह थोडा वेळ अडवला की स्नायू असे आवळून येतात. ही खूण प्रत्येक डॉक्टरने शिकताना पाठ केलेली असते. पण ज्याच्या कागदावर आधीच 'सायकोसिस', म्हणजे वास्तवाचं भान सुटणं, लिहिलंय, त्याच्या हातात ती दिसणं वेगळं. एकदा मनाच्या आजाराचा शिक्का बसला की शरीराच्या तक्रारी त्याच खात्यात जमा होतात. हे मी इतक्यांदा पाहिलंय, की त्या मुलीचं मला खरंच कौतुक वाटलं.

तिने रक्त पाठवलं. कॅल्शियम कमी होतंच. आणि ते कमी झालं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचं जे हार्मोन वाढायला हवं, तेही खालीच होतं. ईसीजीत क्यूटी नावाचं अंतर लांबलं होतं, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला जास्त वेळ लागत होता. कॅल्शियम कमी असलं की हे अंतर वाढतं, आणि सायकोसिसवरच्या बऱ्याच औषधांनीही वाढतं. दोन्ही एकत्र आली तर ठोके जिवावर बेतण्याइतके बिघडू शकतात. निखिलच्या औषधाचा डोस त्याच दिवशी वाढवायचा होता. तो थांबवला, त्याला मॉनिटर लावला आणि शिरेतून हळूहळू कॅल्शियम सुरू केलं.

मी पोचले तेव्हा तो उशीला टेकून बसला होता. पापण्या थोड्या जड, नाकाचा शेंडा किंचित गोल, कान लहान, बोटं लांब आणि टोकाकडे निमुळती. चेहऱ्यावरून निदान करायची मला हौस नाही आणि या खुणा इतक्या सौम्य असतात की रस्त्यात कुणी वळूनही बघणार नाही. आवाज मात्र लपत नव्हता. 'प' आणि 'ब' म्हणताना हवा नाकातून निसटत होती.

आई, वडील आणि थोरली बहीण बाहेर बाकावर होते. आईने पिशवीतून तीन फायली काढून माझ्यासमोर ठेवल्या. तिला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी वर होती, हृदयाची. जन्मतः टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हृदयाच्या रचनेत एकत्र आलेले चार दोष, पहिल्या वाढदिवसाआधी ऑपरेशन, मग वर्षाआड तपासण्या. दुसरी फाइल टाळूची. दूध नाकातून यायचं, बोलायला उशीर झाला, वाचाउपचार झाले. तिसरी शाळेत असताना आलेल्या एका फिटची. आणि पहिल्या फायलीत अगदी मागे, नवजात बालकांच्या विभागाचं पिवळं पडलेलं डिस्चार्ज कार्ड. त्यावर एक ओळ होती: कॅल्शियम कमी, औषधाने सुधारलं.

चोवीस वर्षांपूर्वीची ती ओळ होती. मला ज्याचा संशय होता त्या आजारात असंच होतं. बाळपणी कॅल्शियम घसरतं, सावरतं, सगळे विसरतात आणि वयात आल्यावर किंवा शरीरावर ताण पडल्यावर ते पुन्हा घसरतं. त्या तीन फायली लिहिणाऱ्यांपैकी कुणीच आपल्या कामात कमी पडलेलं नव्हतं. हृदयवाल्यांनी हृदय सुधारलं होतं, टाळूवाल्यांनी टाळू. फायली मात्र आईच्या पिशवीखेरीज कुठेच एकत्र आल्या नव्हत्या.

मी कागद घेऊन वंशावळ काढायला बसले. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजार असेल तर आत खूण. या कामात घरातलं जेवढं कळतं तेवढं तासाभराच्या गप्पांतही कळत नाही. निखिलच्या घरात प्रत्येक आजाराचा वेगळा आरोपी ठरलेला होता. हृदयाचा दोष आईचा, कारण गरोदरपणी तिला ताप आला होता आणि तिने गोळ्या घेतल्या होत्या. फिट कुठल्याशा तापाची. आवाज ऐकू येणं अभ्यासाच्या ताणाचं आणि रात्ररात्र जागण्याचं.

"आमच्या घराण्यात असलं काही नाही," वडील म्हणाले.

"बाबा, काकाचं काय?" बहिणीने विचारलं.

मग हळूहळू बाहेर आलं. धाकटा काका वर्षानुवर्षं डिप्रेशनच्या गोळ्यांवर. आजोबा पन्नाशीतच हृदयविकाराच्या झटक्याने गेलेले. आत्याला मधुमेह. आईच्या बाजूने एक मावशी संधिवाताची, बाकी कुणाचं काही नाही, किंवा कुणी सांगितलेलं नाही. मी खुणा करत गेले. आई कागदाकडे बघत होती, वडील खिडकीबाहेर.

निखिलचं रक्त घेतलं आणि फिश तपासणीला पाठवलं. यात पेशीतल्या गुणसूत्रांवर चमकणारे रंगीत ठिपके चिकटवतात. लाल ठिपका २२व्या गुणसूत्रावरच्या संशयित जागेला लागतो. हिरवा त्याच गुणसूत्राच्या टोकाकडे, म्हणजे गुणसूत्रं दोन्ही हजर आहेत ना, याची हजेरी. नॉर्मल पेशीत दोन हिरवे, दोन लाल दिसायला हवेत. रिपोर्ट तयार होतोय कळल्यावर मी प्रयोगशाळेत गेले. कागदावर वाचलेलं पुरत नाही मला, बघायला आवडतं. तंत्रज्ञाने खुर्ची सोडली. काळ्या पडद्यावर निळसर केंद्रकं आणि त्यांत ठिपके: हिरवे दोन, लाल एक. पुढची पेशी, पुन्हा हिरवे दोन, लाल एक. तिसऱ्या पेशीनंतर मी मोजायची थांबले.

२२क्यू११.२ डिलीशन. या २२व्या गुणसूत्राचा साधारण ३० लाख अक्षरांचा तुकडा एका प्रतीतून गळालेला असतो. आपल्या एकूण ३०० कोटी अक्षरांपैकी हजारातला एक भाग, पण त्यात चाळीस-पन्नास जनुकं बसलेली असतात. दोन ते चार हजार जन्मांमागे एका बाळात हे सापडतं. हा आजार वैद्यकाला तुकड्यातुकड्यांनीच भेटला. १९६५ मध्ये अँजेलो डीजॉर्ज यांनी थायमस (प्रतिकारशक्तीची एक ग्रंथी) आणि पॅराथायरॉइड नसलेली मुलं दाखवली, १९७८ मध्ये रॉबर्ट श्प्रिंट्झन यांनी टाळू, हृदय आणि चेहरा यांची एकत्र लक्षणं मांडली आणि १९९२ मध्ये त्यांच्याच गटाने लिहिलं, की यातल्या काही जणांना मोठेपणी सायकोसिस होतो. नावं वेगवेगळी होती, गळालेला तुकडा एकच निघाला. आज आपल्याला माहीत आहे, की हे डिलीशन असलेल्या दर चार प्रौढांपैकी साधारण एकाला स्किझोफ्रेनिया होतो. जनुकांतला याहून ठळक असा धोका या आजारासाठी फारसा माहीत नाही.

हृदय, टाळू आणि कॅल्शियम एका धाग्यात का येतात हे सांगणं सोपं आहे. गर्भाच्या गळ्यापाशी सुरुवातीच्या आठवड्यांत काही कमानी तयार होतात. त्यांच्यापासूनच पुढे पॅराथायरॉइड, थायमस आणि टाळूचे भाग बनतात, आणि हृदयातून निघणाऱ्या मोठ्या वाहिन्यांची घडणही तिथलीच. हरवलेल्या तुकड्यातलं टीबीएक्स१ हे जनुक या कामात मोठा वाटेकरी आहे. मेंदूचं गणित इतकं सरळ नाही. त्याच तुकड्यातली अनेक जनुकं मेंदूत काम करतात आणि दोष एकट्या कुणावर ठेवता येत नाही.

घरच्यांना हे सांगायला मी निखिललाही बोलावलं. काही नातेवाइकांना वाटतं, 'त्याला' बाहेर बसवावं. मला ते पटत नाही. गुणसूत्र त्याचं आहे.

मी फोटो दाखवला. तो वाकून बघत राहिला. "एक लाल कमी आहे," स्वतःच म्हणाला. मग विचारलं, "तो आवाज त्या हरवलेल्या तुकड्यातून येतो का?"

इतका नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगितलं, की आवाज तयार होतो मेंदूत, आणि तुझा मेंदू घडताना हा तुकडा नव्हता, म्हणून आवाज येण्याची शक्यता वाढली. पण तुकडा नाही म्हणून आवाज येणारच असं नसतं. हेच डिलीशन असलेल्या चारातल्या तिघांना हा आजार होत नाही.

आईचा प्रश्न वेगळा होता. "आता कॅल्शियम दिलं की आवाज जातील ना?"

हो म्हणायचा मोह होतो अशा वेळी. कॅल्शियम फार कमी असलं तर माणूस गोंधळतो, चिडतो, कधी भ्रमिष्टासारखा वागतो हे खरं. पण निखिलचा त्रास महिन्यामहिन्यांनी वाढत आलेला होता. कॅल्शियमने फिट आणि हात आखडणं थांबेल, आवाजांना बहुधा त्यांचं औषध लागेलच, असं मी म्हटलं. पुढे तसंच झालं. स्किझोफ्रेनियाचं निदान बरोबर होतं, ते पुसलं गेलं नाही. फक्त ते एकटं नव्हतं.

"माझ्या तापामुळे?" तिने शेवटी विचारलंच.

या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना डीएनएचे जवळजवळ एकसारखे पट्टे आहेत. बीजांड किंवा शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या समोरासमोर येतात. वाचताना सारख्या दिसणाऱ्या दोन ओळींमुळे डोळा पहिलीवरून थेट दुसरीवर जावा आणि मधला मजकूर सुटावा, तसं तिथे होतं. ताप यायच्या आधीच ते घडून गेलेलं असतं. गोळ्यांनी होत नाही, चिंतेने होत नाही, आईवडिलांच्या वयानेही होत नाही. दहातल्या नऊ वेळा ते त्या बाळातच नव्याने घडलेलं असतं. उरलेल्या एका वेळी आई किंवा वडिलांकडून येतं, आणि कधी कधी त्यांना स्वतःला पत्ताही नसतो. म्हणून दोघांचं रक्त तपासलं. दोघांतही दोन लाल होते.

तो रिपोर्ट सांगितला तेव्हा आई रडली. वडील म्हणाले, "म्हणजे कुणाकडूनच नाही." त्यांच्या आवाजातली सुटका ऐकून मलाही बरं वाटलं. तेवढ्यावर बैठक संपली असती.

पण बहीण होती. तिला तिसरा महिना होता आणि ती माझी वंशावळ उलटी धरून वाचत होती. "मॅडम, मग हे बाकीचे? काकाचं डिप्रेशन, आजोबांचं हृदय, आत्याची शुगर? तेही कुठल्या तुकड्यामुळे?"

डिलीशनचा तिच्या बाळापुरता प्रश्न जवळजवळ मिटला होता. आईवडिलांत ते नाही, त्यामुळे तिला धोका इतर कुणाहीएवढाच. खात्रीसाठी तिचीही तपासणी करता येईल असं मी सांगितलं. पण तिने विचारलेलं हे नव्हतं.

तिच्या काका-आजोबांच्या आजारांमागे एखादा मोठा तुकडा शोधायला गेलं तर बहुधा काही हाती लागणार नाही. तिथे जनुकांतले हजारो बारीक फरक असतात, प्रत्येकाचा परिणाम नगण्य, आणि ते आपल्या सगळ्यांमध्ये कमी-जास्त विखुरलेले असतात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात एकट्या स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या २८७ जागा सापडल्या. डिप्रेशनच्या जागाही शेकड्यांनी निघाल्या आहेत आणि त्यांतल्या काहींचा संबंध हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराशी, वजनाशी आहे. हा संबंध माफक आहे. शिवाय डिप्रेशनमध्ये माणूस कमी हिंडतो, झोप बिघडते, सिगरेट वाढते, तोही भाग आहेच. पण सगळाच दोष सवयींचा नाही. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ हेन्री मॉड्स्ली यांनी १८७९ मध्येच नोंदवलं होतं, की मधुमेह आणि वेड एकाच कुटुंबात वारंवार दिसतात. त्यांच्याकडे जनुकं नव्हती, नुसती नजर होती.

आणि दिशा नेहमी एकच असते असंही नाही. सहाव्या गुणसूत्रावर सी४ नावाचं जनुक आहे. शरीरात ते नको असलेल्या गोष्टींवर 'उचला' अशी खूण करतं. मेंदूतल्या जोडण्या छाटतानाही बहुधा तेच काम करतं. २०१६ मध्ये दिसलं, की याची काही जास्त सक्रिय रूपं स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा वाढवतात. २०२० मध्ये दिसलं, की तीच रूपं ल्युपस या स्वतःच्याच शरीरावर उलटणाऱ्या आजारापासून काहीसं संरक्षण देतात. चांगलं जनुक, वाईट जनुक ही भाषा इथे लागूच पडत नाही.

तिला एवढं सगळं सांगितलं नाही. म्हटलं, "तुझ्या काकांचं मन आणि आजोबांचं हृदय यांच्यात थोडं सामायिक असू शकतं. किती, ते तुझ्यापुरतं आकड्यात सांगता येईल अशी भरवशाची तपासणी आज नाही. बीपी, शुगर बघत राहा. आणि बाळंतपणानंतर मन खाली गेलं तर अंगावर काढू नकोस, तुझ्या डॉक्टरला काकांबद्दल आधीच सांगून ठेव."

ती हुशार होती. "मग निखिल त्या चारातला एकच का झाला? तीनमधला का नाही?"

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. याचं अर्धंमुर्धं उत्तर आहे. २०२० मधल्याच एका अभ्यासात हे डिलीशन असलेल्या लोकांमधले ते हजारो बारीक फरकही मोजले. ज्यांच्यात स्किझोफ्रेनियाकडे झुकणाऱ्या फरकांची बेरीज जास्त, त्यांना आजार होण्याचं प्रमाण जास्त निघालं. म्हणजे तुकडा आईवडिलांकडून आलेला नव्हता, पण तो ज्या पार्श्वभूमीवर गळाला ती दोघांकडून आलेली होती. नुकत्याच सुटलेल्या माणसाला हे ऐकवायचं का? मी सांगायचं ठरवलं, कारण न सांगता ती मुलगी थांबणार नव्हती आणि तिने ते घरी कुठेतरी अर्धवट वाचलं असतं. "ते दोन्ही घरांकडून येतं," मी म्हटलं, "आणि या खोलीत बसलेल्या प्रत्येकात आहे. माझ्यातही. त्यात कुणाचा किती वाटा, हे कुणालाच वाटून दाखवता येणार नाही." वडील काही बोलले नाहीत. आईने नुसतं "बरं" म्हटलं.

निखिल मागे थांबला. दार लोटून म्हणाला, "मला पुढे मूल झालं तर?"

"प्रत्येक वेळी निम्मी शक्यता," मी सांगितलं. "पण झालं तरी तुझ्यासारखंच होईल असं नाही. कुणाला फक्त टाळूचा त्रास होतो, कुणाला जवळपास काहीच नाही. गरोदरपणात तपासताही येतं. वेळ येईल तेव्हा दोघं मिळून ये." तो म्हणाला, "अजून कुणी नाहीये," आणि पहिल्यांदाच हसला.

त्याच्यासाठी मी जे पत्र लिहिलं ते चार विभागांना एकच होतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि थायरॉइड नियमित बघा. औषध बदलताना ईसीजी काढा. क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध द्यायची वेळ आली तर फिटचा धोका जास्त आहे हे धरून चला. लहानपणी दुरुस्त झालेलं हृदय मोठेपणीही तपासत राहा. पुढे हालचाली मंदावल्या, हात थरथरला तर तो औषधाचाच परिणाम आहे असं गृहीत धरू नका, या लोकांना पार्किन्सन्स लवकर गाठू शकतो. पत्राची एक प्रत निखिलला दिली, त्याच्या मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवला.

त्यानंतर मानसोपचार विभागाशी आमचा वाद सुरू आहे. स्किझोफ्रेनियाच्या शंभर ते दोनशे पेशंटांत एकाला हे डिलीशन असतं. माझं म्हणणं, सायकोसिसच्या प्रत्येक नव्या पेशंटची मायक्रोअ‍ॅरे तपासणी करावी, तीत हे आणि असे इतरही तुकडे सापडतात. तोपर्यंत निदान ज्यांना हृदयाचं ऑपरेशन, टाळूचा दोष, कमी कॅल्शियम किंवा शिकण्यात अडचण आहे त्यांना तरी माझ्याकडे पाठवा. दुसरी गोष्ट लगेच मान्य झाली, रेसिडेंटने दाखल करतानाच्या फॉर्मवर तसे प्रश्नही छापून घेतले. पहिल्यावर विभागप्रमुखांनी विचारलं, "आणि रिपोर्ट आल्यावर प्रत्येक घराबरोबर दीड-दोन तास कोण बसणार?" आमच्याकडे समुपदेशक मी एकटीच. प्रश्न रास्त होता, म्हणून मी दुसऱ्या जागेसाठी अर्ज टाकलाय.